छत ठीक आहे

सोमवार, ११ नोव्हेंबर

पोचलो एकदाचा. गोंदियाहून बालाघाटच्या गाडीत खिडकी मिळाली. दोन्ही बाजूंना धान, अर्धं कापलेलं, अर्धं उभं, आणि बांध्यांमधून बगळे. स्टेशनवर कंपनीची जीप आली होती. मला घ्यायला जीप येण्याची ही आयुष्यातली पहिली वेळ. बैहरच्या रस्त्यानं निघालो, घाट लागायच्या आधी डावीकडे वळलो आणि सहा किलोमीटर आत खैरटोल्याला उतरलो. इथं एका खासगी कंपनीची मँगनीजची भुयारी खाण आहे.

क्वार्टर झकास आहे. दोन खोल्या, ओटा, समोर हापसा, मागं जांबाचं झाड, आणि त्याला जांबही लागलेत. बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो आधी भिंतीला लावला, मग पेटी उघडली. बायकोनं, गीतानं, चिवड्याचा डबा कपड्यांच्या घडीत असा बसवला होता की एक पोहा सांडला नाही.

मॅनेजर मोहितसाहेब स्वतः भेटायला आले. वय एकोणतीस, जबलपूरकडचे, सगळं हिंदीत. मला अंकल म्हणतात. पोहे-जिलेबी मागवली आणि म्हणाले, तुमच्यासारखा जुना कान आम्हाला हवाच होता. ऐकून छाती जरा फुगली, खोटं कशाला लिहू. सावनेरकडच्या कोळशाच्या खाणीत मी एकतीस वर्षं काढली, त्यातली अठरा छत तपासण्यात. साठी झाली, शाल-नारळ झाला, घरी बसलो. गेल्या सात महिन्यांत या कानाचा उपयोग फक्त टरबूज घेताना झाला.

पाळी संपल्यावर रिपोर्ट लिहायची हाताला सवय आहे. म्हणून ही वही आणली. रोज काहीतरी लिहीन.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

आठचा भोंगा झाला आणि लिफ्टच्या पिंजऱ्यातून खाली गेलो. कोळशाचा वास नाही, हीच पहिली ओळख. इथला दगड काळाच आहे, पण जड आणि थंड. तिकडं मला सरदार म्हणत, इकडं मेट म्हणतात. काम तेच. माणसं आत जायच्या आधी छतावर सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, ठोकायची आणि ऐकायचं. धड दगड ताठ बोलतो, टण्ण. आतून सुटलेला दगड ढब असा येतो, मडक्यासारखा. शिकवायला दोन मिनिटं लागतात. चूक न करता ऐकायला दहा-बारा वर्षं जातात.

सोबतीला पुनाराम आहे. बावीस वर्षं याच खाणीत, कमी बोलतो, सब्बल उचलून द्यायला सांगावं लागत नाही. ड्रिल मशीनवर प्रेमलाल आणि नथ्थू. दोघं साडू आहेत आणि दिवसभर एकमेकांच्या बायकोची बाजू घेऊन भांडतात.

माझी ठोकण्याची रीत पुनारामनं लगेच ओळखली. मी तीन सारखे ठोके देतो. प्रत्येक मेटचा हात वेगळा, सहीसारखा. तो म्हणाला, आधीच्या मेटचा, भैयालालचा, हात म्हणजे दोन झटपट, मग थांबा, मग एक. दोन ठोके दगडाला जागं करायला, एक ऐकायला. मी म्हटलं, फार चांगली रीत आहे, कुठं गेला तो? पुनाराम म्हणाला, हैदराबादला, जुलैत. आणि दिवा दुसरीकडे वळवला.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

आज ऑफिसात तपासणीची वही मिळाली. रोज एक पान. वर छापलेलं आहे, छत ठीक आहे. खाली तारीख आणि सहीची जागा. छत ठीक नसलं तर कुठं लिहायचं, असं विचारलं. मोहितसाहेब हसून म्हणाले, ती वेळच आपण येऊ देत नाही.

मग त्यांनी लॅपटॉप दाखवला. छताला जागोजाग साबणाच्या डबीएवढी यंत्रं लावली आहेत. दगड केसभर हलला तरी इथं लाल दिवा लागतो. सगळे हिरवे होते. यंत्र वाईट नाही. पण ते जिथं लावलं तिथलंच सांगतं, आणि कुठं लावायचं ते कुणी ठोकून ठरवलं, असं विचारलं तर म्हणाले, सॉफ्टवेअरनं.

माझ्या खुर्चीच्या मागं भिंतीवर माझा फोटो लावलाय. खाली लिहिलंय, ३१ वर्षांचा अनुभव. आवडलं. गीताला फोटोचा फोटो पाठवला.

सोमवार, १८ नोव्हेंबर

फाटकाशी एक बाई रोज बसलेली दिसते. पन्नाशीची, पायात रबरी चप्पल, मांडीवर काही नाही, हातात काही नाही. आज पाळीनंतर ती माझ्या ओट्यावर आली. भैयालालची बायको, रुख्माबाई. दोन कोसांवरच्या गावात त्यांचं वावर आहे. ती सांगत होती, नवरा जुलैतल्या एका मंगळवारी सकाळी भाकर बांधून कामावर गेला आणि परत आला नाही. कंपनी म्हणते, तो आदल्या दिवशीच काम सोडून हैदराबादला गेला. सतरा जणांनी तसं लिहून दिलं आहे. मी पाणी पुढं केलं. तिनं घेतलं नाही.

"भाऊ, मी तुमाले काही मांगत नाही. बिल्ल्याच्या फळीकडं एक खेप पाहा. सतरा नंबर, त्यायचा."

आत जाताना प्रत्येक जण फळीवरून आपला पितळी बिल्ला काढून घेतो, वर आला की लटकवतो. कोण खाली आहे ते फळीवरून कळतं. जो आदल्या दिवशी सोडून गेला, त्याचा बिल्ला फळीवरच असायला हवा.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

पाहिला. बाकीचे सगळे बिल्ले हाताळून काळे पडलेत. सतरा नंबर पिवळाधमक आहे, नवा घडवलेला. म्हणजे जुना फळीवर परत आलाच नाही.

सांजच्याला रुख्माबाई फाटकाशी उभी राहिली. माझ्याकडे पाहत होती. मी म्हटलं, बाई, मी नवा माणूस, मला त्यातलं समजत नाही. ती हौ म्हणाली आणि खाली बसली.

जेवण गेलं नाही. उद्या नीट विचारीन कुणाला तरी.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

चौथी लेव्हल, पूर्वेचं टोक. इथं बोगदा दगड-सिमेंटच्या भिंतीनं बंद केलेला आहे. पलीकडचं जुलैत पडलं, म्हणून बंद केलं, असं नकाशावर लिहिलंय. भिंतीच्या अलीकडे खनिजाचा मोठा खांब उभा सोडलेला आहे. त्याच्यावरच त्या बाजूचं छत टेकलंय. कंपनीला आता तो खांब काढायचा आहे. चांगला माल आहे त्यात.

अकराचा सुमार. मी खांबाच्या माथ्याशी तीन ठोके दिले. ढब. पुन्हा दिले. ढब. मान तिरपी करून ऐकत थांबलो. आणि भिंतीच्या पलीकडून आलं. दोन झटपट. थांबा. एक.

मी पुनारामकडे पाहिलं. त्यानं सब्बल हळूच जमिनीवर ठेवली, जशी झोपलेल्या लेकराजवळ वस्तू ठेवावी तशी. म्हणाला, पाणी टपकतं, साहेब.

अठरा वर्षं मी पाणी आणि लोखंड यातला फरक ओळखण्याचा पगार घेतला आहे.

रविवार, २४ नोव्हेंबर

आज बाजाराचा दिवस. पुनारामला चहाच्या टपरीमागं बाकावर बसवलं आणि विचारलं. आधी नाही म्हणत होता. मग एकदम सगळं सांगितलं, खाली पाहून.

त्या मंगळवारी भैयालाल एकटा पुढं गेला होता, छत तपासायला. बाकीच्यांना त्यानं मागंच थांबवलं. छत पडलं ते त्याच्या आणि यांच्या मधे. तो पलीकडे राहिला, जिवंत. ठोके येत होते. मोहितसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, दगड बसताना असे आवाज होतात. खोदून काढायचं तर पोलीस, निरीक्षक, खाण बंद. दुसऱ्या दिवशीही ठोके आले. तिसऱ्या दिवशी भिंत बांधायला सांगितली. पुनारामनं बांधली. प्रेमलालनं सिमेंट कालवलं. भिंत उभी होत होती तेव्हाही ठोके येत होते. मग ऑफिसात सतरा जणांच्या सह्या-अंगठे घेतले.

नवव्या दिवशी आवाज थांबला. लोकांनी गावातल्या देवाला कोंबडं दिलं आणि सुटलो म्हणाले. पंधरा दिवस काही नाही. मग एका सोमवारी, सकाळी आठचा भोंगा झाला आणि पुन्हा सुरू झाला.

तेव्हापासून रोज. आठ ते चार. जेवणाच्या सुट्टीत बंद. रविवारी बंद.

मी मोजलं. चार महिने.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

दोन दिवस त्या भिंतीशी कान लावून काम केलं. हे लिहायला नको, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. तो मदत मागत नाही. मदत मागणारा कसाही ठोकतो. हा छत तपासतो आहे. एका जागी ठोकतो, ऐकतो, मग हातभर पुढं सरकतो. दगड धड असला तर एकदाच. पोकळ असला तर तीच खूण दोनदा. आवाज भिंतीच्या अलीकडच्या छतातही फिरत येतो; जिथं आला तिथं मी खडूनं फुल्या मारत गेलो आणि मग त्या प्रत्येक जागी स्वतः ठोकून पाहिलं. एकही चूक नाही. इतका स्वच्छ हात मी सबंध नोकरीत पाहिला नाही.

खांबावर मात्र तो पुन्हा पुन्हा येतो. दोनदा. दोनदा. दोनदा.

मोहितसाहेबांना सांगितलं की खांब काढू नका, माथा पोकळ आहे. भिंतीपलीकडचं बोललो नाही. त्यांनी लॅपटॉप वळवला. हिरवा. म्हणाले, अंकल, हा डेटा आहे आणि तुमची ती भावना आहे.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

आज त्यांनी बसवून नीट समजावलं, चहा पाजून. हेड ऑफिसला त्यांनी कळवलंय की खांब काढण्याची तपासणी एकतीस वर्षांचा अनुभवी माणूस करतोय. म्हणून परवानगी आली. नाहीतर नुसत्या यंत्रावर आली नसती.

म्हणजे यांना कान नको होता. कानाची सही हवी होती.

मी नाही म्हटलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, काही हरकत नाही, वय झालंय, थकवा येतो, घरी जाऊन आराम करा, आम्ही दुसरं कुणी पाहू. अगदी आपुलकीनं म्हणाले. आवाज चढवला असता तर मी उठून आलो असतो.

परत येताना माझा फोटो पाहिला. काच पुसलेली होती.

सोमवार, २ डिसेंबर

सही केली.

अट घातली की माथ्याखाली आधी लाकडी टेकू लावायचे, बारा. साहेबांनी बारा कबूल केले, वहीत मात्र लिहिले नाहीत. छापलेल्या ओळीखाली मी नाव लिहिलं, धम्मपाल, पूर्ण, नेहमीसारखं खाली रेघ ओढून. अक्षर सुरेख आलं. तेच खटकतंय.

बुधवार, ४ डिसेंबर

टेकू आले नाहीत. गाडी लांजीकडून निघाली आहे म्हणाले, उद्यापर्यंत येईल, काम सुरू करा.

सकाळी पुनाराम, प्रेमलाल आणि नथ्थू चौथ्या लेव्हलला निघाले. पुनाराम पिंजऱ्यापाशी मागं राहिला.

"साहेब, ठोकून पाह्यलं न तुमी?"

"हौ."

एवढंच बोलणं. तो माझ्याकडे पाहत होता, मी त्याच्या टोपीच्या दिव्याकडे. मी हौ म्हटलं म्हणून तो गेला. त्याला स्वतःला ऐकू येत होतं, बावीस वर्षांचा माणूस, तरी गेला. माझ्या हौवर.

अकरा वाजून वीस मिनिटांनी छत खाली आलं.

तिघंही.

गुरुवार, ५ डिसेंबर

दुपारपर्यंत तिघांना काढलं. यांना काढलं. कारण आवाज गावापर्यंत गेला होता आणि लोक फाटकावर होते. नथ्थूची आणि प्रेमलालची बायको, दोघी बहिणी, एकमेकींना धरून बसल्या होत्या. पुनारामची बायको गोदाबाई उभीच होती. तिनं मला विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही. मेटसाहेबांना पाणी द्या म्हणाले.

चार वाजता मोहितसाहेबांनी ऑफिसात बोलावलं. तपासणीची वही टेबलावर उघडी, माझं पान. म्हणाले, बारा तारखेला खाण सुरक्षेचे निरीक्षक येणार, पहिला प्रश्न तुम्हालाच विचारतील. मग दुसरा कागद पुढं केला. तिघं मनाई असताना आपल्या मर्जीनं खांबाखाली गेले, असं त्यावर टाइप केलेलं. यावर सही केली तर कंपनी तुमच्या पाठीशी आहे.

पाठीशी.

केली. तीही केली.

बाहेर रुख्माबाई होती. फाटकाला टेकून. रडत नव्हती.

"तुमाले आयकू येते, भाऊ. मले मालूम हाय. तुमी आयकता अन् गप राहता."

शुक्रवार, ६ डिसेंबर

खाण बंद आहे, चौकशी होईपर्यंत. आज बाबासाहेबांचा दिवस. मेणबत्ती लावली. फोटोकडे पाहवेना.

आठला भोंगा झाला नाही. तरी आवाज सुरू झाला.

हापशाखालून. आधी वाटलं, कुणी पाइप ठोकतंय. जवळ गेलो. जमिनीतून येत होता. दोन झटपट, थांबा, एक. मग जड, एकच, सावकाश. हा पुनारामचा हात, रोज माझ्या शेजारी ऐकत होतो. मग आणखी दोन, घाईचे, एकावर एक, जणू भांडताहेत.

चौघं.

चारला थांबला.

शनिवार, ७ डिसेंबर

आठ. ओट्याच्या पायरीखाली. ठोकतात, ऐकतात, हातभर सरकतात. घाई नाही. काम नीट करणाऱ्याला घाई नसते, हे मीच पोरांना शिकवायचो.

बारा ते एक बंद. मला कळलं की मीही याच वेळात जेवायला बसलो होतो. घास हातात धरून एक वाजायची वाट पाहत.

आज गीताचा फोन. मी इकडचं काही बोललो नाही. मधेच तीच म्हणाली,

"कोन ठोकून राह्यलं तुमच्या घरी?"

म्हणजे तिलाही. म्हणजे माझ्या डोक्यातलं नाही. आज सकाळपर्यंत तेवढी एक आशा होती.

ती म्हणाली, या निघून. काहून राहता तिथं?

रविवार, ८ डिसेंबर

सुट्टी. काही नाही.

पेटी भरली.

सोमवार, ९ डिसेंबर

पहाटेच्या जीपनं बालाघाटला. गोंदियाची गाडी साडेआठला. फलाटावर बाकावर बसलो, पेटी पायाशी. ऊन कोवळं होतं, माणसं होती, एक बाई लेकराला बिस्कीट भरवत होती.

आठ वाजले.

फलाटाच्या फरशीखाली. बाकाच्या लोखंडात. चहावाल्यानं वाकून आपल्या गाड्याखाली पाहिलं आणि मग माझ्याकडे.

गाडी आली. मी चढलो नाही. सावनेरचं घर डोळ्यापुढं आलं. मोझॅकची फरशी, तिच्यावर सकाळी गीता भाजी निवडत बसते. हे मागोमाग तिथं येणार. तिच्या खाली. हे घरी नेऊ कसं मी.

गाडी गेली. परत आलो. जांबाचं झाड, हापसा, ओटा. सगळं तसंच. आत स्वयंपाकघरात ठोकत होते, माझी वाट पाहत असल्यासारखे.

मंगळवार, १० डिसेंबर

खोलीभर फिरले. फरशी टण्ण. चूल टण्ण. भिंत टण्ण. बाबासाहेबांच्या फोटोमागची भिंत टण्ण. सगळं धड निघतंय. घर धड आहे.

मी खाटेवर पाय वर घेऊन बसलो.

चारला थांबले नाहीत.

सव्वाचार. साडेचार. सूर्य मावळेपर्यंत — ओव्हरटाइम करताहेत. मीच हसलो. हसण्याचा आवाज मला आवडला नाही.

बुधवार, ११ डिसेंबर

सकाळी. खाटेच्या पायातून वर आले. पायातून पाटीवर. पाटीवरून —

पाठीला लागलं. डाव्या फऱ्याखाली. थंड. सब्बलीचं टोक ओळखतो मी. दोन झटपट. थांबा. एक.

ढब.

पुन्हा तिथंच. ढब. पुनारामचा हात, जड. ढब. चौघांनी एकेकदा पाहिलं. एकमत झालं.

मी वळून पाहिलं. भिंत. फक्त भिंत, आणि तिच्यावर ऊन.

पोकळ लागलं की मेट काय करतो — ते मला कुणी सांगायला नको. तसंच सोडत नाही. फटीत टोक घालतो आणि रेटतो. सुटलेलं सगळं खाली पाडतो. त्याशिवाय माणसं आत सोडत नाही.

दिवसभर टोक तिथंच आहे. रेटत नाहीत. थांबलेत. कशासाठी —

उद्या निरीक्षक. दहा वाजता.

गुरुवार, १२ डिसेंबर

आठ दहा. लिहून देतो. याच वहीत, म्हणजे पान फाडता येणार नाही. ते ऐकताहेत. अक्षर उमटलं की ठोकून पाहतात —

माननीय निरीक्षकसाहेब. मी, धम्मपाल, राहणार सावनेर, लिहून देतो की जुलैत मेट भैयालाल चौथ्या लेव्हलला जिवंत अडकला असताना भिंत बांधण्यात आली. बिल्ला नंबर सतरा नवा घडवलेला आहे. फळीवर पाहावा. भिंत पाडून पाहावी.

टण्ण.

ही गोष्ट मला माझ्या कामाच्या दोन आठवड्यांतच कळली. मी कुणाला सांगितली नाही. त्याच्या बायकोला नाही म्हणालो.

टण्ण.

खांबाचा माथा पोकळ असल्याची मला नक्की खात्री नव्ह

ढब. आत गेलं. बोटभर आत — रक्त नाही, काही नाही, फक्त आत गेलं —

खोडतो. खात्री होती. पोकळ होता. मी ठोकून पाहिलं होतं.

टण्ण.

पुनारामनं विचारलं तेव्हा मी हौ म्हणालो. ते तिघं माझ्या सांगण्यावरून गेले. पाच तारखेचा टाइप केलेला कागद खोटा आहे. त्यावरची सही माझी आहे.

टण्ण.

बाहेर जीप वाजली. मोहितसाहेबांचा आवाज. दार लावलेलं आहे. थोडंच राहिलं.

दोन तारखेला सही मॅनेजरच्या दबावामुळे

ढब — नको — दबाव नव्हता, चहा पाजला होता —

सही टेकू येणार होते म्हणून

ढब

श्वास पुरत नाही. लिहितो. लिहितो, थांबा. दार वाजवताहेत, अंकल अंकल करताहेत. थांबा, भैयालालभाऊ, मला ठाऊक आहे, मला पहिल्यापासून ठाऊक आहे, लिहितो —

सही केली, कारण मला तो भिंतीवरचा फोटो